डोळ्यातला क्षय आणि जुने कागद

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो, छातीचा फोटो आठवतो. हा रोग डोळ्यातही उतरतो, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. वैद्यकाला ते जुनंच माहीत आहे. १८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र केलं आणि १८५५ मध्ये येगरनं डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या क्षयाच्या गाठी नोंदवल्या. जंतू सापडला तो पुढे, १८८२ साली, रॉबर्ट कॉकला.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, तेव्हा लढाई जिंकली असंच वाटलं. १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. पण त्याच चाचणीत दिसलं, की एकट्या औषधाला जंतू काही महिन्यांतच दाद देईनासा होतो. अर्धवट सोडलेल्या उपचारातही हेच घडतं.

मी इतिहास शिकवला, वैद्यक नाही. पण डोळ्यातला असा हट्टी क्षय ओळखणं मला इतिहासकाराच्या कामासारखंच वाटतं. छातीच्या रोग्याची थुंकी तपासता येते. सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत जंतू दाखवतं आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही सांगतं. डोळ्यातून सुईनं थेंब-दोन थेंब पाणी निघतं, त्यात जंतू इतके थोडे की पुष्कळदा हाती काही लागत नाही. मग साक्षी-पुरावे जुळवावे लागतात. घरात कुणाला क्षय होता का? पूर्वी कोणत्या गोळ्या, किती महिने घेतल्या? आत्ताच्या औषधांनी सूज का हटत नाही? नुसत्या स्टिरॉइडनं लाली जाते, जंतू तसाच राहतो.

उपचारालाही धार दोन्हीकडून. इथाम्ब्युटॉल आणि लिनेझोलिड ही क्षयावरची औषधं क्वचित दृष्टीच्या नसेलाच इजा करतात. लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगावं. प्रतिरोधी क्षयाचा सरकारी उपचार महाराष्ट्रात २००७ साली नागपुरातून सुरू झाला, तेव्हा तो दोन वर्षं चाले. २०२४ मध्ये केंद्रानं सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. डोळ्याच्या रुग्णाला कोणता द्यायचा, हे तज्ज्ञच ठरवतात.

आपल्या वऱ्हाडात रुग्ण धारणीहून अमरावतीच्या इर्विनला येतो, पातूरहून अकोल्याच्या सर्वोपचारला, तिथून कधी नागपूरला. मधे कामासाठी गाव सुटतं, गोळ्या सुटतात, कागद हरवतो. सातबारा आपण पेटीत जपतो. तशीच औषधाची जुनी चिठ्ठीही जपा. जंतू सापडला नाही, तर डोळा वाचवायला तोच पुरावा कामी येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)