प्रवाशाची आवड आणि यंत्राचें ज्ञान

५ जुलै १८४१ रोजीं थॉमस कुक यांनीं इंग्लंडांत लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें ५०० माणसें एका शिलिंगांत आगगाडीनें नेऊन परत आणलीं. ती सहल स्वस्त झाली, कारण ती सर्वांसाठीं एकच होती. पुढें बेडेकरच्या मार्गदर्शिकांनीं प्रेक्षणीय स्थळांस तारे दिले. तेहि चित्रकाराला आणि व्यापाऱ्याला सारखेच. ज्याची त्याची आवड ओळखणें हें काम अनुभवी वाटाड्याचेंच राहिलें.

यंत्रें या धंद्यांत शिरलीं तीं हिशेबासाठीं. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनीं उभारलेली ‘सेबर’ ही व्यवस्था १९६४ पर्यंत अमेरिकाभर पसरली. विमानांत जागा शिल्लक आहे कीं नाहीं, हें ती तत्काळ सांगे. प्रवाशाला काय रुचेल, हें तिला ठाऊक नव्हतें. इंटरनेटमुळें माहिती अमाप वाढली, परंतु एका यादींतलें ‘हॉटेल’ दुसऱ्या यादींत ‘निवास’ असे. माणसाला अर्थ कळे. यंत्राला केवळ अक्षरें दिसत.

यावरील उपायाचें नांव तत्त्वज्ञानांतून आलें : ‘ऑन्टॉलॉजी’, म्हणजे सत्ताशास्त्र. १९९३ मध्यें टॉम ग्रूबर यांनीं संगणकशास्त्रापुरती तिची व्याख्या केली : संकल्पनांची स्पष्ट मांडणी. कैलास हें देवालय आहे. तें खडकांत कोरलें आहे. कोरीव काम हा शिल्पाचा प्रकार आहे. तें वेरूळास आहे. एवढे संबंध नोंदले, कीं शिल्पाची आवड असणाऱ्याला वेरूळची वाट यंत्र स्वतःच अनुमानानें दाखवूं शकतें. २००१ मध्यें टिम बर्नर्स-ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अर्थ जाणणाऱ्या जाळ्याची कल्पना जगापुढें ठेवली, आणि २००४ मध्यें अशा मांडणीसाठीं ‘आउल’ ही प्रमाणभाषा ठरली. त्याच सुमारास युरोपांतील ‘हार्मोनाइझ’ या प्रकल्पानें शहाणपणाचा मार्ग धरला : प्रत्येकानें आपले शब्द राखावे, मात्र मध्यें एक सामाईक दुभाषी असावा.

परंतु दुभाष्याचा कोश कोणी तरी रचावाच लागतो. पंढरीची वारी त्यांत कोठें घालावी? सहल, उत्सव, कीं पदयात्रा? वारकऱ्याला यांतील एकहि नांव पुरेसें वाटणार नाहीं. कोशकाराला जें ठाऊक नाहीं, तें यंत्राला दिसत नाहीं. आणि यंत्राला जें दिसत नाहीं, तें प्रवाशापुढें येत नाहीं. म्हणून ज्या गांवाला आपली ओळख जगापर्यंत पोंचावी असें वाटतें, त्या गांवच्या जाणत्यांनींच या कोशाच्या रचनेंत हात घातला पाहिजे.