रझाकार : एका संघटनेनं अख्खं सरकार कसं गुंडाळलं

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जमेल तसा वाचा.

मी मूळचा टेंभुर्णीचा. तालुका जाफराबाद, जिल्हा जालना. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की आमच्याकडं १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं, तर ते विचारतात, "का रे?" आणि आमच्याकडं कुणी फारच दांडगाई केली की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "काय रझाकारी लावलीय!" लहानपणी मला वाटायचं, रझाकार म्हणजे निजामाचे सैनिक. तर तसं नाही. निजामाचं सैन्य वेगळं होतं. रझाकार हा उर्दू शब्द, अर्थ स्वयंसेवक. ते एका संघटनेचे स्वयंसेवक होते, आणि आजची गोष्ट त्या संघटनेची आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि औरंगाबाद हैदराबाद संस्थानात. आमच्या गावापासून जवळच असलेलं देऊळगाव राजा मात्र वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. १९४१ च्या जनगणनेनुसार संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर. त्यात मुसलमान साधारण १३ टक्के. गादीवर निजाम मीर उस्मान अली खान. लोकांनी मतं देऊन निवडलेलं सरकार नव्हतंच.

१९२७ मध्ये हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन स्थापन झाली. सुरुवातीचा हेतू मुसलमानांमधल्या वेगवेगळ्या पंथांना एकत्र आणणं. पुढं बहादूर यार जंग अध्यक्ष झाले. माणूस मोठा वक्ता. त्यांच्या काळात एक विचार रुजला: राज्याची सत्ता फक्त निजामाची नाही, ती इथल्या प्रत्येक मुसलमानाची, निजाम हे त्या सत्तेचं प्रतीक. म्हणजे शेतात राबणाऱ्या गरीब मुसलमानालाही सांगितलं गेलं की तू राज्यकर्ता आहेस. पोटाला भाकरी मिळो न मिळो, मान मिळाला. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ च्या अखेरीस अध्यक्ष झाला कासीम रझवी. लातूरचा वकील, अलीगढला शिकलेला.

आता या गोष्टीतली महत्त्वाची रात्र. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात सामील झाला नाही. वाटाघाटी सुरू होत्या. ऑक्टोबरमध्ये 'जैसे थे' कराराचा मसुदा तयार झाला आणि निजामाच्या कार्यकारी मंडळानं तो बहुमतानं मान्य केला. २७ ऑक्टोबरला सकाळी शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. त्यात पंतप्रधान छतारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन. पहाटेच्या अंधारात हजारोंच्या जमावानं या तिघांच्या घरांना वेढा घातला. बाहेर पडायची सोयच नाही. शेवटी लष्करानं त्यांना सुरक्षित ठिकाणी नेलं. शिष्टमंडळ दिल्लीला गेलंच नाही.

छतारींनी राजीनामा दिला. नवं शिष्टमंडळ इत्तेहादच्या मर्जीतलं. २९ नोव्हेंबरला जो करार झाला, तो जवळपास जुनाच होता! मग मिळवलं काय? धाक मिळवला. डिसेंबरमध्ये मीर लायक अली पंतप्रधान झाले, आणि यापुढं रझवीला विचारल्याशिवाय काही होत नाही, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर रझाकारांचे गावांवर छापे, लूट, जाळपोळ, खून वाढत गेले. सीमेजवळच्या कितीतरी लोकांनी घरदार सोडून शेजारच्या प्रांतांत आसरा घेतला.

इथं एक गोष्ट नीट बघा. वेढा कुणाच्या घरांना पडला? काँग्रेसवाल्यांच्या नाही. निजामाच्याच पंतप्रधानांच्या घराला. अशा संघटनांची पद्धत जगभर सारखीच दिसते. समोरचा शत्रू दाखवून लोक गोळा करायचे आणि पहिला घाव आपल्याच बाजूच्या मवाळ माणसावर घालायचा.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. डिसेंबर १९५८ मध्ये रॉबर्ट वेल्च नावाच्या एका गोळ्या-चॉकलेटच्या कारखानदारानं इंडियानापोलिसमध्ये जॉन बर्च सोसायटी काढली. कडवी कम्युनिस्टविरोधी संघटना. त्यांच्याकडं बंदुका नव्हत्या, स्वतःच्या नावानं निवडणूकही लढवत नव्हते. पत्रकं, पत्रांचा पाऊस आणि रस्त्याकडेला मोठाले फलक: सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना हटवा. वेल्चनं तर आयझेनहॉवर कम्युनिस्टांचा हस्तक आहे असं लिहिलं होतं. आयझेनहॉवर म्हणजे रिपब्लिकन, उजव्यांच्याच पक्षाचा अध्यक्ष! पण १९६२ मध्ये विल्यम बकली या उजव्याच संपादकानं आपल्या नियतकालिकातून वेल्चवर सडकून टीका केली. त्याला शिव्याशाप मिळाले, पण तो जगला आणि नियतकालिक पुढं चालत राहिलं.

हैदराबादेतही असा एक संपादक होता. शोएबुल्ला खान. 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवायचा. वय जेमतेम २७-२८, म्हणजे माझ्याच वयाचा. ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध निवेदन काढलं, आणि शोएबुल्लानं ते छापलं. २१ ऑगस्टच्या रात्री ऑफिसातून घरी जाताना त्याच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, हात तोडला. २२ तारखेला तो गेला.

तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. १५ ला गोरखा तुकडी जालन्यात होती. १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. झेंडावंदनाचा दिवस तो हाच.

शाळेत गोष्ट इथं संपते. पण पुढचं पानही वाचायला हवं. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. मेलेल्यांमध्ये रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले किती तरी होते. आणि रझवी? तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला. पुढं १९५८ मध्ये मजलिस नव्या घटनेसह पुन्हा उभी राहिली. तो विषय वेगळ्या एपिसोडचा.

म्हणजे हिशेब असा: आधी हिंदू गावकऱ्यांनी भोगलं, मग गरीब मुसलमानांनी. चिथावणी देणारा विमानात बसून गेला.

आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी जरा समजुतीचं बोललं की लगेच "गद्दार" म्हणणारा एक जण असतोच. बाकीचे गप्प बसतात. मीही बसलोय, खोटं कशाला बोलू. पण छतारींच्या दारात जमाव आला तेव्हा आणि शोएबुल्ला एकटा लिहीत होता तेव्हाही बहुतेक लोक गप्पच होते. येत्या १७ सप्टेंबरला झेंड्यापुढं उभं राहाल, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांसोबत शोएबुल्ला खानचंही नाव घ्या.

तुमच्या गावात रझाकारीच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. दोन्ही मोहल्ल्यांतल्या आठवणी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.