एका ओळीच्या तीन ओळी

देशाच्या जमाखर्चात कुटुंबांच्या वाट्याला फार काळ एकच ओळ होती. गिरणीमालक, कारकून, शेतमजूर सगळे तिच्यातच. वासिली लिओंटिएफ यांनी १९३६ साली मांडलेल्या कोष्टकातून कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो हे कळू लागलं. मजुरी कोणाच्या घरात पोचते, हे मात्र त्यात दिसत नव्हतं.

रिचर्ड स्टोन आणि ॲलन ब्राउन यांनी १९६२ साली केंब्रिजमधून ब्रिटनची १९६० सालची सामाजिक लेखा सारणी प्रसिद्ध केली. तिची रीत साधी होती: प्रत्येक खात्याला एक आडवी ओळ आणि एक उभा रकाना. आडव्यात जमा, उभ्यात खर्च. एकाचा खर्च तीच दुसऱ्याची जमा, त्यामुळे तो आकडा एकदाच लिहायचा आणि प्रत्येक खात्याच्या दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत.

पण या सारणीला खरा अर्थ आला तो श्रीलंकेत, असं मला वाटतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९७१ साली डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे पथक पाठवलं. प्रश्न बेरोजगारीचा होता, आणि उत्पन्न कोणाकडे जातं हे पाहिल्याशिवाय तो सुटणारा नव्हता. पुढे ग्रॅहम पायट आणि ॲलन रो यांनी देशाची जी सारणी मांडली, तिच्यात कुटुंबांची ओळ तीन भागांत फोडली होती: शहरी, ग्रामीण आणि मळ्यांवरची.

तिसरी ओळ महत्त्वाची. चहाच्या मळ्यांवर प्रामुख्यानं तमिळ मजूर राबत. त्यांच्या वस्त्या, त्यांची मजुरी, सगळंच वेगळं. आता चहाची मागणी वाढली, तर मजुरी मळ्यावरच्या घरात किती येते, त्या घरानं घेतलेल्या तांदळाचे पैसे ग्रामीण घरात किती जातात, तिथून शहरात किती, हा सगळा फेरा आकड्यांत मांडता येऊ लागला. पायट आणि जेफ्री राउंड यांनी १९७९ साली या फेऱ्याचे गुणक, म्हणजे मागणी वाढली की कोणाचं उत्पन्न किती पट वाढतं ते आकडे, टप्प्याटप्प्यानं वेगळे करून दाखवले. त्यांत किमती स्थिर धरल्या होत्या, ही त्यांची मोठी मर्यादा.

दुसरी मर्यादा ओळींचीच. ज्या सारणीत सगळे शेतकरी एकाच ओळीत असतील, तिथे पाऊस हुकल्याचा फटका कोरडवाहूवाल्याला किती आणि पाटाखालच्या बागायतदाराला किती, हे कोणताही गुणक सांगू शकत नाही.