दोन सावंगी आणि एक गुरुवार

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीवरून सुचलाय.

नोकरीच्या सुरुवातीला पत्त्यांचा डेटा साफ करायचं काम होतं. मी नियम लिहिला: गावाच्या नावातले 'बाजार', 'बुद्रुक', 'खुर्द' काढून टाका, कचरा आहे. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या दोन सावंगी एक झाल्या! एक हर्सूलच्या पुढची, दुसरी खुलताबाद तालुक्यातली बाजार सावंगी. मी चितेगावचा, मला तरी कळायला हवं होतं. पार्सलं भलतीकडे गेली, बोलणी मी खाल्ली.

मग शोधायला लागलो. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. आणि 'बाजार'? पंचक्रोशीतले लोक जिथे आठवड्याला बैल, धान्य, मीठमिरची घ्यायला जमतात ते गाव. अमरावती जिल्ह्यात तर मजाच आहे: चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, दोन्ही तालुक्याची गावं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला रूळ नागपूरला पोचला, त्या वाटेवर एका चांदूरला स्टेशन मिळालं. एकाची ओळख बाजार, दुसऱ्याची आगगाडी.

पुण्यात वारच नाव झाले. शनिवार पेठ आधी मुर्तजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर.

आता थेट अरबस्तानात चला. सौदीच्या नैर्ऋत्येला असीरचा डोंगराळ भाग आहे. तिथे साधारण २००० मीटर उंचीवर 'खमीस मुशैत' आहे. खमीस म्हणजे गुरुवार. अरबीत रविवार पहिला, म्हणून गुरुवार पाचवा, आणि 'खम्सा' म्हणजे पाच. मुशैत हे शहरान जमातीच्या शेखांचं घराणं. म्हणजे नावाचा अर्थ 'मुशैतांचा गुरुवार'! शेजारीच 'अहद रुफैदा' आहे, म्हणजे रुफैदांचा रविवार. वार वेगळे, त्यामुळे व्यापारी एक बाजार उरकून दुसरा गाठायचा. आपल्याकडचे पाल टाकणारे आजही हेच करतात ना? पण तिकडे नावात माणसं का? कारण टोळ्यांची वैरं असायची, बाजाराच्या दिवशी कुणाचं रक्त सांडणार नाही याची हमी कुणीतरी घ्यायला लागायची. ते घेणाऱ्याचं नाव वाराला चिकटलं.

खमीस मुशैत आज मोठं शहर आहे. गुरुवार मात्र नावात तसाच आहे.

माझा तो नियम मी त्याच आठवड्यात डिलीट केला. तुमच्या गावाच्या नावात असा एखादा शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला वाजवतो.