भांदकची कचेरी वरोऱ्याला होती तेव्हा

नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारा प्रवासी रेल्वे स्टेशनवर ‘भांदक’ अशी पाटी वाचतो. बाहेर पडला की त्याच गावाचे नाव ‘भद्रावती’ होते. इथे नावे बदलली, तशाच हद्दीही बदलत गेल्या. आणि हद्द बदलली की सामान्य माणसाची कचेरीची वाट बदलते.

भांदकला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट सापडला आहे. तो शके 694 चा, म्हणजे इ.स. 772 चा. त्यात गाव दान दिल्याची नोंद आहे. जमीन कोणाची, हे लिहून ठेवण्याची रीत या भागाला साडेबाराशे वर्षांपासून ठाऊक आहे.

भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर 1854 मध्ये चांदा जिल्हा झाला. 1874 मध्ये मूल, वरोरा आणि ब्रह्मपुरी अशा तीन तहसिली पडल्या, शिवाय दक्षिणेला सिरोंचा. भांदक गेले वरोऱ्यात. त्या काळचा तहसीलदार सारा वसूल करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी प्रकरणेही ऐके. ज्याला सारा द्यायचा, त्याच्याचपुढे आरोपी म्हणून उभे राहायचे! सिरोंच्याच्या माणसाची गत याहून बिकट. त्याचे जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर, वाटेत नद्या आणि घनदाट अरण्य.

पश्चिमेला वर्धा नदी. आज पलीकडचा वणी तालुका म्हणजे फक्त शेजारचा जिल्हा. पण पूर्वी ही नदी मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची सीमा होती. अलीकडे मालगुजारी, पलीकडे रयतवारी. नदीच्या एका काठावर शेतसारा मालगुजारामार्फत जाई, दुसऱ्या काठावर शेतकरी थेट सरकारात भरी. राजुऱ्याकडे तर निजामाचे राज्य होते. मालगुजारी 1951 मध्ये संपली आणि राजुरा 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला.

गावकारभाराचेही असेच झाले. 1948 च्या कायद्याने मध्य प्रांतात जनपद सभा आल्या. जिल्ह्याऐवजी तहसील हे स्थानिक कारभाराचे एकक ठरले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र झाल्यावर 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांची घडी बसली. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. वरोऱ्यातून निघून भद्रावती तालुका झाला. आता तहसील, पंचायत समिती आणि न्यायालय गावातच आहे. न्यायदान आणि महसूल यांची फारकतही झाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले.

मग प्रश्न सुटला का? तालुक्याचा नकाशा पाहा. पश्चिमेकडे माजरीच्या बाजूला कोळसा, पूर्वेकडे मोहर्लीला ताडोबाचे जंगल. कोळशाची जमीन 1957 च्या केंद्रीय कायद्याने घेता येते. जंगलाच्या हद्दीत वनखात्याचा शब्द चालतो. कचेरी घराजवळ आली, पण तालुक्याच्या दोन्ही टोकांचे मोठे निर्णय तिच्या हातात पूर्णपणे आले नाहीत.

म्हणूनच तिथल्या कपाटातले कागद मोलाचे. सातबारा आपण मागतो, निस्तारपत्रक मात्र क्वचितच कोणी मागते. गुरे कुठे चारायची, सरपण आणि घरासाठी लाकूड कुठून आणायचे, या गावाच्या हक्कांची ही नोंद आहे. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमातही तिला स्थान आहे. जमीन जाते किंवा जंगलाची वाट बंद होते, तेव्हा ‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे जातो’ एवढे सांगून भागत नाही. कागद लागतो.

पूर्वी भांदकच्या शेतकऱ्याला एका नकलेसाठी वरोरा गाठावे लागे. आज ती वाट उरली नाही. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावाचे निस्तारपत्रक सर्वांसमोर वाचून दाखवायला सांगा. ताम्रपट राजाने दान घेणाऱ्यासाठी कोरवला होता. हा कागद गावाचा आहे, तो गावाने वाचला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)