नवजात अर्भक परिचर्या, गृहाधारित
जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अर्भकाची घरीच घेतली जाणारी वैद्यकीय काळजी. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत तिचा प्रयोग केला. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना जंतुरक्तता ओळखून जेंटामायसिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यास शिकविले गेले. हे काम डॉक्टरांखेरीज कोणी करू नये, हा आक्षेप रास्त वाटे. परंतु रुग्णालय दूर असता या रोगात तासांचाही विलंब घातक ठरतो. उपचारांनंतर जंतुरक्तता झालेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. ४७ तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युमान तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये द लॅन्सेट मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये गृहभेटींचे काम ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोपविले. अंतःक्षेपणाचा मात्र त्यात समावेश नव्हता.