तावदान, लांबी आणि सिलिकॉन

दर मे महिन्यात मुंबईच्या सोसायट्यांच्या भिंतींवर माणसं दोराला लटकलेली दिसतात. एका हातात सिलिकॉनची बंदूक, दुसऱ्या हाताने खिडकीच्या चौकटीचा आधार. चौकट आणि भिंत यांच्यातली फट दिसली की तिथे पांढरी रेघ ओढायची आणि पुढच्या खिडकीकडे सरकायचं. जूनमध्ये पाऊस येतो, त्यातल्या निम्म्या खिडक्या पुन्हा गळतात आणि पुढच्या मे महिन्यात हीच माणसं त्याच जागी परत लटकतात.

फट दिसली की ती बुजवायची, हा विचार आपल्याला इतका साहजिक वाटतो की त्यालाही काही इतिहास असेल असं मनात येत नाही. पण तो आहे, आणि फार जुनाही नाही. आपल्याकडच्या जुन्या खिडक्या पाणी अडवण्याच्या भानगडीत फारशा पडतच नसत. पाणी येणार हे त्यांनी धरलेलं असे. आलं तर ते कुठून परत जाईल, एवढंच त्या बघत.

‘तावदान’ या शब्दापासून सुरुवात करू. तो फारसी ‘ताबदान’वरून आला. उजेड येण्याची जागा असा त्याचा अर्थ. आपण आज काचेला तावदान म्हणतो, पण शब्दात काच कुठेच नाही. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, ते पोर्तुगीज ‘जनेला’वरून, आणि तिथल्या जुन्या घरांतल्या जनेलांतही कित्येकदा काच नसते. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत शिंपले बसवलेले असतात. हा चपट्या, जवळजवळ पारदर्शक कालव्याचा शिंपला, साधारण तळहाताएवढा. कडा कापून तो चौकोनी करायचा आणि पट्ट्यांच्या खाचेत सरकवायचा. आत दुधी उजेड येतो, ऊन येत नाही. एखादा शिंपला फुटला तर तेवढाच काढून दुसरा सरकवायचा, बाकीच्या खिडकीला धक्का लागत नाही.

अशी खिडकी काही जलरोधक नसते. तिला तशी गरजही नव्हती, कारण तिच्यावर पाऊस पोचतच नसे. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली, खाली पडवी किंवा ओसरी. कोकणात तर पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात. थोडक्यात, खिडकीची गळती खिडकीत सुटत नव्हती, ती छपरात सुटत होती.

मुंबईत ही व्यवस्था मोडली, कारण इथे घरं उंच झाली. चार मजली चाळीची वळचण फार तर वरच्या मजल्याला पुरणार. त्यात १८९६ साली प्लेग आला. अंधारी, कोंदट खोली म्हणजे रोगाचं घर, असं सरकारने ठरवलं. काही घरांची कौलं काढून आत उजेड पाडण्यात आला. माणसांनी राहण्यास अयोग्य, या अर्थाची ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं घरांवर रंगवली गेली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेड हा शहर बांधणाऱ्यांच्या हिशोबाचा भाग झाला. खिडकी मोठी झाली, जास्त झाली आणि पावसासमोर उघडी पडली. हवा हवी आणि पाणी नको, हे भांडण तेव्हापासून चालू आहे.

गिरगावातल्या जुन्या इमारतींत यावरचा एक तोडगा अजून दिसतो. सागवानी झडपा, त्यांत बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या लाकडी पट्ट्या, आणि वर उजेडासाठी काचेचं तावदान. पट्टीवर पडलेलं पाणी उतारावरून बाहेर जातं, हवा मधल्या फटींतून आत येते. वाऱ्याची झड आली तर खाली थोडं ओलं होतं आणि लोक फडकं ठेवतात. (आमच्या पिढीला हे फडकं ठेवणं फार अपमानास्पद वाटतं, का ते मला कळत नाही.)

मग लोखंड आलं. इंग्लंडमध्ये ब्रेनट्री गावात हार्डवेअरचा धंदा करणाऱ्या फ्रान्सिस क्रिटल यांनी १८८४ पासून धातूच्या खिडक्या बनवायला घेतल्या. बारीक पोलादी पट्ट्यांची ही चौकट लाकडापेक्षा कितीतरी सडपातळ, त्यामुळे काच जास्त मावते. १९३०च्या दशकात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यावर अशाच धाटणीच्या खिडक्या आल्या. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला परिसर तो हाच. त्या इमारतींचे फोटो आपण गोलाकार कोपऱ्यांसाठी काढतो. मी मात्र आता त्यांचे छज्जे बघतो. खिडक्यांच्या ओळीवरून भुवईसारखी गेलेली ती काँक्रीटची पट्टी शोभेची वाटते, पण वळचणीचं काम तिने मजल्यामजल्यावर वाटून घेतलंय. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, बोटभर खाच असते. पाणी काँक्रीटला चिकटून खालून भिंतीकडे सरकायला बघतं, खाच आली की त्याला पुढे जाता येत नाही आणि ते तिथेच थेंब होऊन गळतं. एवढीशी खाच. रंगाऱ्याने ती गिलाव्याने बुजवली की खालची खिडकी गळायला लागते आणि दोष खिडकीला मिळतो.

या लोखंडी खिडक्यांत काच बसवायची ती लांबी लावून. लांबी म्हणजे पुट्टी, पण आज भिंतीला लावतात ती नव्हे. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र मळायचं, चपातीच्या कणकेसारखं. पट्टीच्या खाचेत आधी लांबीचा पातळ थर, त्यावर काच दाबायची, बारीक क्लिपांनी ती धरून ठेवायची आणि बाहेरून पुन्हा लांबी भरून ती सुरीने तिरकी कापायची. तो तिरकस काप महत्त्वाचा, कारण काचेवरून आलेलं पाणी त्यावरून घसरून जातं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतं, त्याला काही आठवडे लागतात. मग रंग. चांगला रंगारी रंगाची रेघ लांबीच्या पुढे काचेवर दोनेक मिलिमीटर चढवतो. आपल्याला ते गबाळं काम वाटतं आणि आपण ब्लेडने खरवडतो. खरं तर लांबी आणि काच यांच्यामधला सांधा त्या दोन मिलिमीटरनेच झाकलेला असतो.

लांबी कायम टिकत नाही. वर्षांनी ती कडक होते, तडकते, सुटते. पण ती काढता येते. तडकलेली खरवडून काढायची, लोखंड घासायचं, गंजरोधक रंग लावायचा, नवी लांबी भरायची. सगळी हत्यारं एका पिशवीत मावतात. भारतीय मानकांत खिडकीच्या लांबीसाठी वेगळा क्रमांक आहे, आयएस ४१९. म्हणजे हे काम एके काळी इतकं नेहमीचं होतं की सरकारने त्याच्या कणकेचंही प्रमाण ठरवून दिलं. आणि हे काम वेळेवर नाही केलं तर लोखंड सूड घेतं. गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, तो पट्टीच्या खाचेत फुगतो, काचेला तडा जातो आणि चौकटीजवळचा गिलावा सुटतो.

वेळेवर करायचं कोणी? इथे खिडकीचा इतिहास भाडेकरूंच्या इतिहासात शिरतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या शहरात त्याची नितांत गरज होती, त्याशिवाय लाखो माणसं रस्त्यावर आली असती. पण लांबी, काच आणि मजुरी यांचे भाव १९४० ला थांबले नाहीत. मालक म्हणतो, या भाड्यात मी दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, मालकीची नसलेली खिडकी मी का करू? दोघांचंही बरोबर आहे, आणि खिडकी गंजते आहे.

आजचा १९९९चा कायदा यावर तोडगा देतो. मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. आता हिशोब करा. समजा पागडीच्या घराचं भाडं महिना १५० रुपये. वर्षाचे १८००, चौथा हिस्सा ४५०. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसाठी परांची बांधणारा माणूस ४५० रुपयांत फोनसुद्धा उचलणार नाही. १९६९ मध्ये दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आलं, १९,६४२ इमारती त्याच्या उपकराखाली आल्या. पण मंडळाचा भर साहजिकच इमारत कोसळू नये यावर. खांब आणि तुळया वाट बघत असताना लांबीचा नंबर लागत नाही. म्हणून जूनमध्ये या इमारतींवर निळी ताडपत्री चढते.

नव्या इमारतींत वेगळंच घडलं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांत खिडकीबाहेरचे फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये मोजले जात नसत. फुकटची जागा, मग बिल्डरांनी ती बांधली आणि विकली. लोकांनी घरात आल्यावर खिडकी उचलून फ्लॉवर बेडच्या बाहेरच्या काठावर नेली, खोली दोन फूट वाढली. २०१२ मध्ये नियम बदलला आणि ही जागा मोजली जाऊ लागली. पण मधल्या वीस वर्षांत असंख्य खिडक्या आपल्या छज्ज्याखालून बाहेर पडून थेट पावसात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि बहुतेक वेळा ती खिडकी होती ॲल्युमिनियमची, सरकती.

सरकत्या खिडकीची गंमत अशी की तीही मुळात पाणी येणार हे धरूनच बनवलेली असते. सरकण्यासाठी फट ठेवावीच लागते, त्यातून आलेलं पाणी खालच्या पन्हळीत साठतं आणि पन्हळीच्या बाहेरच्या भिंतीत असलेल्या छोट्या भोकांतून निघून जातं. पण बाहेर वारा असेल तर तो पाण्याला आत रेटतो. किती? हा हिशोब बारावीच्या फिजिक्सचा आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा पन्हळीत साधारण १७ मिलिमीटर उंचीचं पाणी अडवून धरू शकतो, ९० चा वारा ३८ मिलिमीटर. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला झोत १०० च्या वर गेले होते. पन्हळीची आतली कड त्यापेक्षा बुटकी असेल तर पाणी कडेवरून घरात येणार. मग जगातलं कुठलंही सिलिकॉन कामाचं नाही, कारण इथे बुजवायला फट नाहीच.

कॅनडातल्या कर्बी गार्डन यांनी १९६३ मध्ये पाऊस घरात कसा शिरतो यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा गाभा असा, की पाणी आत यायला तीन गोष्टी लागतात: पाणी, भोक, आणि पाण्याला भोकातून ढकलणारा जोर. भोक पूर्ण बुजवणं सगळ्यात कठीण, म्हणून बाकीच्या दोघांकडे बघा. आम्ही सर्व्हर लिहिताना हेच करतो. तो बंद पडणार हे धरतो, मग पडल्यावर काय करायचं ते लिहितो. छज्जा पाणी कमी करतो, उतरत्या पट्ट्या जोर कमी करतात. गिरगावच्या सुताराला हे टिपण वाचायची गरज नव्हती.

मी भाड्याने राहतो ती खोली चौदाव्या मजल्यावर आहे आणि गेल्या जुलैत तिथे पलंगापर्यंत पाणी आलं. पन्हळीतली भोकं शोधली तर सापडेनात. आधी कोणीतरी गळती थांबवायला म्हणून ती बाहेरून व्हाइट सिमेंटने नीट बुजवली होती, वर सिलिकॉनची रेघ. घरमालकांनी ‘अहो, पूर्ण खिडकीच बदलून टाकू ना’ असं मनापासून सुचवलं. मी स्क्रू ड्रायव्हरने सिमेंट टोकरून काढलं. तपासायला सोपं आहे: मगभर पाणी पन्हळीत ओता आणि ते बाहेरच्या बाजूला पडतंय का बघा. भोकं मोकळी असतील तर काही सेकंदांत पन्हळ रिकामी होते. माझी झाली. उजव्या कोपऱ्यातून मात्र अजून झिरपतं, तिकडे शेजारचा फ्लॉवर बेड आहे आणि त्यात ते काय करतात ते मला दिसत नाही. तिथे सध्या फडकं आहे.